लघवीतून लिव्हरचा कॅन्सर कळतो म्हणजे नेमकं काय कळतं?

लघवीच्या टेस्टमधून लिव्हरचा कॅन्सर सापडणार, अशी बातमी अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरते. ती वाचून एकतर लोक म्हणतात काहीही फेकतात, नाहीतर लगेच विचारतात ही टेस्ट कुठे मिळते आणि कितीला. गोष्ट दोन्हीच्या मधे आहे. विज्ञान खरं आहे आणि वीसेक वर्षं जुनं आहे, पण मी-तुम्ही उद्या सकाळी उठून डबीत लघवी देऊन यावं अशा टप्प्यावर ते अजून आलेलं नाही. आणि ते कुणासाठी आहे हे जर नीट कळलं तर बातमीत सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली गाळलेली असते तेही कळेल.

आधी हा कॅन्सर कोणाला होतो ते बघू, कारण सगळा खेळ तिथे आहे. लिव्हरमधेच सुरू होणारा जो मुख्य कॅन्सर, ज्याला डॉक्टर लोक एचसीसी म्हणतात, तो सहसा चांगल्या धडधाकट लिव्हरमधे अचानक उगवत नाही. आधी वर्षानुवर्षं काहीतरी चाललेलं असतं, हेपॅटायटिस बी किंवा सी, नाहीतर दारू, नाहीतर हल्ली शुगर आणि पोटाच्या घेराबरोबर येणारं फॅटी लिव्हर. लिव्हर सुजतं, भरून येतं, परत सुजतं, त्यातून आत वण पडत जातात, त्याचं सिरॉसिस होतं आणि त्या वणांच्या जमिनीत कधीतरी गाठ धरते. हेपॅटायटिस बी मात्र सिरॉसिस न होताही कॅन्सर करू शकतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. २०२० साली जगभरात लिव्हरच्या कॅन्सरने साधारण ८ लाख ३० हजार माणसं गेली, आणि नव्याने निदान झालेले होते ९ लाखांच्या आसपास. हे दोन आकडे इतके जवळ का, तर निदान होतं तेव्हा बऱ्याच जणांचं उशिरा झालेलं असतं. लिव्हरच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीवच जवळजवळ नसते, गाठ मोठी होऊन वरच्या आवरणाला ताण बसेपर्यंत माणूस आपला कामावर जातोय, लग्नात जेवतोय.

म्हणून ज्यांना धोका आहे हे आधीच माहीत आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची आणि सोबत रक्तातलं एएफपी नावाचं प्रोटीन तपासायचं, असा नियम आहे. माझ्या मामांचं हे चालू असतं. उपाशीपोटी जायचं, टोकन घेऊन बसायचं, मग तो गार जेल, आणि "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा... सोडा" असं दहाबारा वेळा. रिपोर्टमधे दरवेळी तेच, लिव्हर खडबडीत दिसतंय, वेगळी गाठ दिसत नाही, सहा महिन्यांनी परत करा. मामा मागच्या वेळी वैतागून म्हणाले, "अरे दिसत नाही म्हणजे नाहीये का दिसत नाहीये?" प्रश्न अगदी बरोबर आहे. २०१८ मधे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा सिरॉसिसच्या पेशंटमधे सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीला शंभरातले ४५ च सापडत होते, सोबत एएफपी केलं की ६३. चरबी जास्त असेल तर आवाजाच्या लहरी खोलवर नीट पोचत नाहीत, वणांनी भरलेल्या लिव्हरमधे आधीच शंभर बारीक गाठी असतात त्यात एक सेंटीमीटरची वाईट गाठ ओळखायची, आणि मशीन कुठलं आणि मागे हात कोणाचा यावरही खूप अवलंबून.

एएफपीचं वेगळंच. हे प्रोटीन पोटातल्या बाळाचं लिव्हर बनवतं, जन्मानंतर कमी होत जातं, आणि लिव्हरचा कॅन्सर झाला की काही गाठी ते परत बनवायला लागतात. काही. सगळ्या नाही. वर हेपॅटायटिस भडकला तरी ते वाढतं, गरोदरपणात तर वाढतंच. त्यामुळे २० च्या वर गेलं की घाबरगुंडी आणि खाली असलं की खोटा दिलासा, दोन्ही होतं.

आणि याहून मोठी अडचण म्हणजे लोक जातच नाहीत. अमेरिकेसकट बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांवरून सिरॉसिसवाल्यांपैकी पाव लोकसुद्धा नेमाने ही तपासणी करत नाहीत. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, मग "मला कुठे काय होतंय" म्हणून राहतं. लघवीच्या टेस्टचं महत्त्व इथे सुरू होतं. घरी डबीत घ्या, कोणाच्या तरी हाती पाठवा, सुई नाही, उपास नाही.

आता मुख्य प्रश्न. लिव्हर कुठे, लघवी कुठे? लिव्हरमधली गोष्ट तिथे पोचते कशी?

आपल्या अंगात रोज कोट्यवधी पेशी मरतात. पेशी मेली की तिचा डीएनए तुकडे होऊन रक्तात येतो. हे १९४८ सालीच मांडेल आणि मेटे नावाच्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, पण तेव्हा डीएनएचा आकारही माहीत नव्हता, कोणी फार लक्ष दिलं नाही. १९९७ मधे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे असतात हे दाखवलं आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले. आज गरोदर बायकांची डाउन सिंड्रोमसाठी जी रक्ताची एनआयपीटी टेस्ट होते ती त्यातूनच आली. कॅन्सरच्या पेशीही मरतात, खरंतर खूप मरतात, भराभर वाढणाऱ्या गाठीत रक्तपुरवठा पुरत नाही, त्यामुळे त्यांचाही डीएनए रक्तात असतो.

पेशीत डीएनए मोकळा पडलेला नसतो. रिळाला दोरा गुंडाळावा तसा तो प्रोटीनच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, एका गोळ्याभोवती साधारण १४७ अक्षरं (डीएनए ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो), मग थोडा मोकळा दोरा, मग पुढचा गोळा. पेशी मरताना कापणारे एन्झाइम मोकळ्या जागी कापतात, गुंडाळलेल्या जागी त्यांना पोचता येत नाही. म्हणून रक्तातले बहुतेक तुकडे १६७ अक्षरांच्या आसपास असतात. आख्खा जीनोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएचा पूर्ण संच, ३०० कोटी अक्षरांचा आणि हे एवढेसे तुकडे, आणि तेही रक्तात मिनिटांपासून ते एकदोन तासांतच नष्ट होतात. म्हणजे आज सापडलेला तुकडा आजचाच असतो, मागच्या वर्षीचा नाही, हा याचा मोठा फायदा.

रक्त किडनीत जातं, दिवसाला साधारण १८० लिटर पाणी तिथल्या फिल्टरमधून जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत ओढून घेऊन शेवटी दीडेक लिटर लघवी होते. फिल्टरची भोकं इतकी बारीक की रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीनही धड जाऊ शकत नाही. मग डीएनए कसा जातो? शंभर अक्षरांचा तुकडा वजनाला अल्ब्युमिनएवढाच भरतो, पण आकार वेगळा, दोन नॅनोमीटर जाड आणि लांबुळका, त्यामुळे आडवा नाही तर उभा निसटू शकतो. गोळ्याभोवती गुंडाळलेला तुकडा मात्र दहा-अकरा नॅनोमीटरचा जाडजूड ठोकळा, तो सहज जात नाही. यामुळेच रक्तातून लघवीत आलेले तुकडे रक्तातल्यापेक्षाही आखूड असतात. त्यातही फिल्टर झाल्यावर पुढे लघवीतलं डीएनए कापणारं एन्झाइम त्यांचे आणखी बारीक तुकडे करतंच. लघवी म्हणजे डीएनएसाठी फारच वाईट जागा.

तरी ते येतात हे कशावरून? २००० सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. मुलगा पोटात असलेल्या गरोदर बायकांच्या लघवीत, आणि पुरुषाचं रक्त चढवलेल्या बायकांच्या लघवीत, वाय क्रोमोसोमचे तुकडे शोधले, आणि सापडले. बाईच्या स्वतःच्या शरीरात वाय नसतोच, म्हणजे ते दुसरीकडून रक्तात, रक्तातून किडनी ओलांडून लघवीत आले, दुसरा रस्ताच नाही. मग २००४ मधे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यिंग-सिऊ सू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लघवीत दोन प्रकारचा डीएनए असतो. एक लांबलचक, हजारच्या वर अक्षरांचा, तो मूत्राशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या झडलेल्या पेशींचा. दुसरा आखूड, त्यांच्या तेव्हाच्या मोजणीत १५० ते २५० अक्षरांचा (पुढच्या कामात तो याहूनही आखूड निघाला), तो रक्तातून आलेला. त्यांनी आतड्याच्या कॅन्सरचं म्युटेशन, म्हणजे डीएनएतला अक्षरबदल, या आखूड हिश्श्यात पकडलं. पुढे हाच ग्रुप लिव्हरकडे वळला. त्यांची ब्लमबर्ग इन्स्टिट्यूट ज्या बरूक ब्लमबर्ग यांच्या नावाने आहे त्यांनीच हेपॅटायटिस बी चा विषाणू शोधला आणि १९७६ चं नोबेल मिळवलं, त्यामुळे लिव्हरचा कॅन्सर हा त्यांच्या घरचाच विषय.

मग शोधायचं काय? आखूड तुकड्यांत तर निरोगी पेशींचेच तुकडे जास्त, कॅन्सरचा हजारात एखादा. एक हिशोब देतो. एक नॅनोग्रॅम डीएनए म्हणजे जीनोमच्या साधारण ३०० प्रती. समजा आपल्याला १० नॅनोग्रॅम मिळाला, म्हणजे एखाद्या ठरावीक जागेच्या ३००० प्रती, आणि त्यातला हजारात एक कॅन्सरचा, म्हणजे तीन. तीन तुकडे पकडायचे आहेत, आणि त्यांतला एखादा नेमका आपल्याला हव्या त्या जागी तुटलेला असेल तर गेला. लघवीची सोय इथे कामी येते, रक्त दहा मिली काढताना पेशंट तोंड वाकडं करतो, लघवी पन्नास-शंभर मिली कोणीही देतं आणि हवी तर उद्या परत देतं.

शोधायच्या खुणा तीन-चार प्रकारच्या. पहिली म्हणजे अक्षरबदल. टीपी५३ नावाची जीन पेशीची राखणदार, तिच्या २४९ व्या जागी एजीजी चं एजीटी होतं, एका जी च्या जागी टी, आणि प्रोटीनमधे आर्जिनिनच्या जागी सेरीन येतं. १९९१ मधे चीनमधल्या चिदोंग आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पेशंटमधे हीच एक जागा परत परत बिघडलेली सापडली, आणि तिचं कारण निघालं बुरशी. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर जी बुरशी येते तिचं अफ्लाटॉक्सिन नेमकं ह्या अक्षराला चिकटतं. म्हणजे ह्या एका अक्षरावरून माणसाने काय खाल्लं होतं त्याचा अंदाज येतो, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. आपल्याकडे भुईमूग आणि मका दोन्ही आहेत, आणि पावसात भिजलेल्या पोत्यांचं काय होतं हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. पण ज्या देशात अफ्लाटॉक्सिनचा त्रास नाही तिथे ही खूण फारशी सापडत नाही, त्यामुळे एकट्या तिच्यावर टेस्ट उभी राहत नाही. तशाच अजून दोन जागा आहेत, टर्ट नावाच्या जीनच्या तोंडाशी आणि सीटीएनएनबी१ मधे. टर्टचा बदल तर गाठ पूर्ण कॅन्सर होण्याआधीच्या संशयास्पद गाठींमधेही दिसतो.

दुसरी खूण म्हणजे मिथायलेशन. अक्षर तेच राहतं, पण सी वर एक छोटा रासायनिक टिळा लागतो आणि ती जीन बंद पडते. आरएएसएसएफ१ए आणि जीएसटीपी१ या दोन जीन लिव्हरच्या कॅन्सरमधे फार वेळा अशा बंद केलेल्या सापडतात. ओळखायचं कसं, तर डीएनएला बायसल्फाइट लावायचं, टिळा नसलेले सी बदलून जातात आणि टिळेवाले सी तसेच राहतात, मग पीसीआरने, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, मोजायचं. अडचण अशी की बायसल्फाइट हे जालीम रसायन, आधीच आखूड आणि थोडे तुकडे, त्यांतले बरेचसे त्यात मरतात. म्हणून पीसीआरसुद्धा अगदी छोट्या टप्प्यावर करावी लागते, पन्नाससाठ अक्षरांच्या. नेहमीच्या लॅबमधे दोनशे अक्षरांचा टप्पा सर्रास धरतात, लघवीत तसं केलंत तर कॅन्सरचे बहुतेक तुकडे मोजलेच जाणार नाहीत आणि रिपोर्ट निगेटिव्ह येईल.

तिसरी खूण हेपॅटायटिस बी वाल्यांची, आणि मला सगळ्यात हुशारीची ती वाटते. हा विषाणू आपला डीएनए लिव्हरच्या पेशीच्या डीएनएमधे घुसवतो, बरेचदा टर्टच्याच आसपास. जिथे विषाणू आणि माणूस यांचा सांधा आहे तो तुकडा प्रत्येक गाठीत वेगळा असतो. एका पेशीत असा सांधा झाला आणि तीच पेशी वाढून गाठ झाली की गाठीच्या प्रत्येक पेशीत तोच सांधा. दुसऱ्या कोणाच्या अंगात तो सापडणं जवळजवळ अशक्य. हे सांधे लघवीत सापडल्याचे अभ्यास आहेत.

आता यातली गोम, जी बातमीत कधीच येत नाही. जीएसटीपी१ चं मिथायलेशन हे प्रोस्टेटच्या कॅन्सरचंही एकदम जुनं, ओळखीचं लक्षण आहे. आणि पुरुषाची लघवी प्रोस्टेटमधूनच बाहेर येते! आरएएसएसएफ१ए तर मूत्राशय, किडनी, अजून कितीतरी कॅन्सरमधे बंद असते. म्हणजे साठीच्या माणसाच्या लघवीत खूण सापडली तर ती लिव्हरची का प्रोस्टेटची? यावर उत्तर म्हणून आखूड-लांब वेगळं करण्याची ती पायरी येते. मूत्रमार्गातल्या झडलेल्या पेशींचा डीएनए लांब असतो, तो आधीच बाजूला काढायचा, फक्त आखूड हिस्सा तपासायचा. तरीही शंभर टक्के खात्री होत नाही, कारण तिथल्या पेशीही मरून आखूड तुकडे सोडू शकतात. आणखी एक, सिरॉसिसच्या कॅन्सर नसलेल्या लिव्हरमधेही आरएएसएसएफ१ए थोडीफार बंद सापडते. म्हणजे "आहे का नाही" असा प्रश्न नाही, "किती आहे" असा आहे, आणि रेषा कुठे मारायची ते आकडेवारीवर ठरतं.

एक नमुना लॅबपर्यंत पोचेपर्यंत काय काय होतं तेही बघा. डबीत लघवी घेतली की लगेच ईडीटीए टाकायचं, कारण डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते दोन्ही पकडून ठेवतं. हे केलं नाही आणि डबी दुपारभर उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर आत शोधायला काही उरत नाही. मग पेशी वेगळ्या, डीएनए वेगळा, आखूड हिस्सा वेगळा, मग बायसल्फाइट, मग पीसीआर. लघवी देणं सोपं आहे, बाकी काहीच सोपं नाही.

मग टेस्ट किती चांगली? सू यांच्या ग्रुपने २०२२ मधे ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमधे सहाशेपेक्षा थोड्या जास्त लोकांवरचं काम छापलं, वेगवेगळ्या हॉस्पिटलांतले, कॅन्सरवाले, सिरॉसिसवाले आणि नुसता हेपॅटायटिस असलेले. लघवीतल्या टीपी५३, आरएएसएसएफ१ए, जीएसटीपी१ आणि रक्तातलं एएफपी असं एकत्र धरलं तर एकट्या एएफपीपेक्षा बरेच जास्त कॅन्सर पकडले गेले. लक्षात आलं का, एएफपी काढून टाकलेलं नाही, सोबत ठेवलंय. म्हणजे "सुईशिवाय" हे अर्धसत्यच, निदान या रेसिपीत तरी.

मघाशी म्हणलं ती गाळलेली ओळ आता. समजा टेस्ट कॅन्सर असलेल्या शंभरातले ८० पकडते आणि कॅन्सर नसलेल्या शंभरातल्या ९० ना बरोबर "नाही" म्हणते. हे आकडे मी हिशोबापुरते धरलेत. सिरॉसिसचे १००० पेशंट घेतले, त्यात २० ना कॅन्सर आहे, १६ सापडतील, आणि उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांना उगाच पॉझिटिव्ह येईल. ११४ जणांचा एमआरआय किंवा सीटी करून १६ सापडले, हे परवडण्यासारखं आहे. तीच टेस्ट आता सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, धोका नसलेल्या १ लाख लोकांना केली आणि त्यात समजा ५ जणांना कॅन्सर आहे, ४ सापडतील, आणि दहा हजार लोक खोट्या पॉझिटिव्हने रात्रभर जागे. म्हणून जर कोणी तुम्हाला फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमधे असलं काही जोडून विकायला लागला, तर त्याला आधी विचारा ही टेस्ट कोणत्या लोकांवर तपासली होती. बातमीत "लिव्हरच्या रुग्णांमधे" हे दोन शब्द गायब असतात आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

आणखी एक खुसपट काढायचंच तर, यातले बरेच अभ्यास कॅन्सर आधीच सापडलेल्या लोकांच्या लघवीवर झालेत. ज्याला अजून माहीत नाही, ज्याची गाठ दीड सेंटीमीटरची आहे, त्याच्या लघवीत किती सापडेल हे कळायला शेकडो सिरॉसिसवाल्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागावं लागतं. ते काम वेळखाऊ आणि महाग.

रक्तावरचे प्रयत्नही जोरात आहेत हे सांगायला हवं. जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी तुकड्यांतली अक्षरं न बघता फक्त तुकडे कुठे आणि किती लांबीचे कापले गेले याचा नकाशा बनवला, आणि २०२३ मधे त्यावरून लिव्हरचा कॅन्सर ओळखून दाखवला, अमेरिका, युरोप आणि हाँगकाँगच्या लोकांवर. धोका जास्त असलेल्यांमधे ८५ टक्के सापडले, पण तिथेही कॅन्सर नसलेल्या शंभरातल्या वीस जणांना खोटं पॉझिटिव्ह. लघवीतले तुकडेही वाट्टेल तसे तुटत नाहीत, त्यांच्यातही पॅटर्न असतो, हे २०२१ मधे दाखवलं गेलंय, त्यामुळे हीच युक्ती पुढे लघवीवर वापरता येईल.

माझ्या मते ही टेस्ट सगळ्यात आधी खरी उपयोगी पडेल ती स्क्रीनिंगला नाही, तर ज्यांची गाठ काढून झालीये त्यांच्यासाठी. लिव्हरचा कॅन्सर काढल्यावरही परत येण्याचं प्रमाण खूप, पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना. अशा माणसाच्या गाठीतल्या खुणा आधीच माहीत असतात, कुठला अक्षरबदल, कुठला सांधा, मग लघवीत फक्त तेवढंच शोधायचं, अंदाजपंचे काही नाही. फिलाडेल्फियाच्या एका छोट्या अभ्यासात अशा काही पेशंटच्या लघवीत खुणा परत दिसायला लागल्या त्या एमआरआयमधे गाठ दिसण्याच्या नऊ महिने आधीपर्यंत. पेशंट अगदी थोडे होते, दहाच्या आसपास, त्यामुळे त्यावर उड्या मारायचं कारण नाही, पण नऊ महिने म्हणजे या आजारात फार मोठा काळ. तोपर्यंत मामांची तारीख पुढच्या महिन्यात आहे, उपाशीपोटी.